सायकल बांधायची कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोकांनी पुन्हा सायकलकडे वळावं, असं आवाहन करणारा लेख गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचला. प्रकृती, प्रदूषण, इंधनाची बचत, सगळं त्यात नीट मांडलं होतं. मी अकरा वर्षं रोज सायकलने कामावर जाते, त्यामुळे लेखातल्या एकाही मुद्द्याशी माझं भांडण नाही. पण पोहोचल्यावर ती सायकल ठेवायची कुठे, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. रोज सायकल चालवणाऱ्याला घरातून निघतानाच हा प्रश्न पडलेला असतो.

माझी आधीची सायकल दोन वर्षांपूर्वी चोरीला गेली. कामाच्या ठिकाणी आवारात लोखंडी स्टँड आहे, पुढचं चाक खाचेत घालून सायकल उभी करायची, तसला. कुलूप सायकलच्या सांगाड्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून सगळे पुढच्या चाकातून साखळी ओवून ती स्टँडला बांधतात. मीही तेच करत होते. त्या संध्याकाळी खाली आले तर चाक जागेवर होतं. माझ्या मुलीने स्पोकमध्ये अडकवलेला लाल मणीसुद्धा तिथेच होता. कुलूप शाबूत, साखळीवर ओरखडा नाही. बाकीची सायकल तेवढी गेली होती.

पुढचं चाक क्विक रिलीजचं होतं. खटका उघडायचा, चार-दोन फेरे सैल करायचे, की चाक हातात येतं. इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांनी १९३०च्या सुमाराला ही युक्ती आणली ती शर्यतीत चाक झटपट काढता यावं म्हणून. पंक्चर काढताना मलाही तिचा फार उपयोग झाला आहे. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या सायकलला तो खटका म्हणजे उघडं दार. आता माझ्या दोन्ही चाकांना पान्याने आवळायचे नट आहेत, आणि रोजच्या सायकलला तेच असावेत असं मी प्रत्येकाला सांगते.

चोरीनंतर भेटेल तो एकच विचारायचा, "नीट बांधली नव्हती का?" या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो. दिलेल्या जागी, दिलेल्या स्टँडला, कुलूप लावून ठेवलेली वस्तू गेली, तर दोष ठेवणाऱ्याचा कसा? तक्रार नोंदवायला गेले तेव्हा फ्रेम नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला सायकलचा ओळख क्रमांक, विचारला. मला तो सांगता आला नाही. "निळी सायकल, मागे कॅरिअर" एवढ्या वर्णनावर कुणाचीच सायकल परत मिळणार नाही, हे त्या टेबलासमोर बसल्या बसल्याच कळलं.

नवी सायकल घरी आणली त्याच दिवशी ती अंगणात उलटी केली. दोन्ही पॅडलना जोडणारा धुरा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या बुडाशी बहुतेक सायकलींवर हा नंबर ठोकलेला असतो. रंगाच्या थराखाली अक्षरं नीट दिसेनात. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा एकेक आकडा उमटत गेला. तो कागद, बिल, आणि सायकलचे दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो आता एकत्र ठेवले आहेत. फोटोत खुणा दिसायला हव्यात: हँडलवरची खोच, सीटची उसवलेली शिवण, बदललेलं पॅडल. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी आजच एवढं करून ठेवावं, ही माझी विनंती. जुनी सायकल विकत घेतानाही आधी उलटी करून हा नंबर बघावा. तो खरवडून काढलेला असेल तर भाव कितीही पडलेला असो, तिथूनच परत फिरावं. चोरीची सायकल कुणीतरी विकत घेतो, म्हणून तर पुढची चोरी होते.

आता कुलपांविषयी. बारीक तारेचं केबल कुलूप साध्या कटरनेही तुटतं. दोन मिनिटं दुकानात जाऊन यायचं असेल आणि सायकल नजरेसमोर असेल तेवढ्यापुरतं ते ठीक. मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलून नेऊ देतं. जाड पोलादी यू-आकाराचं कुलूप यांपेक्षा पुष्कळच भक्कम. अर्थात अभेद्य काहीच नसतं. २००४ साली तर असं उघडकीला आलं की गोल पोकळ चावीची काही महागडी यू-कुलुपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात. ग्राइंडरपुढे तर भलीभली कुलुपं हरतात. तरीही चोराला वेळ लागला, आवाज झाला, तर तो सहसा शेजारची सोपी सायकल बघतो.

आणि कुलपाइतकंच महत्त्वाचं ते लावायचं कुठून. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन (१९४४-२००८) यांनी सांगितलेली पद्धत मी रोज वापरते. सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आत मागच्या चाकाची रिम धरायची आणि ती यू-कुलपाने खांबाला जखडायची. चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे एवढ्याशा कुलपात मागचं चाक आणि सांगाडा दोन्ही अडकतात. छोटं कुलूप पुरतं, आणि त्यात पहार घालायला फटही उरत नाही.

पण त्यासाठी खांब तर हवा! संपादक महोदय, माझं सगळं गाऱ्हाणं इथे येऊन थांबतं. पाटीचा खांब बुटका असला तर सायकल कुलपासकट वरून काढून घेता येते. झाडाला बांधावी तर साल सोलते, मला ते बघवत नाही. कठड्याला बांधली की पायी जाणाऱ्यांची, विशेषतः काठी घेऊन चालणाऱ्यांची वाट अडते, आणि त्यांचं रागावणं योग्यच असतं. सुट्टीच्या दिवशी मी टेकडीच्या पायवाटेवर जाते. ओल्या मातीत चाकांनी चर पडतात आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चरातून वाट कापत जातं, म्हणून चिखल असला की आम्ही काही जण सायकली खालीच ठेवून चालत चढतो. तिथेही खाली बांधायला काही नाही, म्हणून दर वेळी एक जण राखणीला थांबतो.

या भीतीचा आणखी एक परिणाम आहे, तो बाहेरून दिसत नाही. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, पंप, ट्यूब नि ठिगळांची पिशवी, हे सगळं दर थांब्यावर काढून बरोबर न्यायचं. दिवसात चार ठिकाणी थांबायचं असेल तर चार वेळा काढा, चार वेळा लावा. एखाद्या दिवशी कंटाळा येतो आणि वस्तू जाते. माझ्या ओळखीचे दोघे दोनदा दिवा गेल्यावर आता दिवाच लावत नाहीत. अंधारात तसेच जातात. मागून येणाऱ्या गाडीला ते दिसत नाहीत, याचा विचार करून माझा जीव घाबरा होतो. एक सहकारी सायकल गेल्यावर पुन्हा घेणारच नाही म्हणाली, आणि तिने घेतली नाही. लेखात म्हटलंय तसं तिला परत वळवायचं असेल तर तिला प्रदूषणाचे धोके समजावून काय उपयोग? ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहेत.

उपाय काही अवघड नाही. चाक धरणाऱ्या खाचांऐवजी जाड नळीचा उलट्या यू-आकाराचा स्टँड जमिनीत काँक्रीटमध्ये पुरायचा. उंची साधारण पाऊण मीटर, दोन स्टँडमध्ये एक मीटर अंतर. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकते, सांगाडा आणि चाक दोन्ही त्याला बांधता येतात, आणि खाचेच्या स्टँडमध्ये सायकल कलंडून रिम वाकते तसंही होत नाही. जागा मात्र लोकांची वर्दळ असलेली, उजेडाची हवी. इमारतीच्या मागे कोपऱ्यात लावलेला स्टँड चोराच्याच सोयीचा. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ २०१९ साली पूर्ण झाला, तोही देखरेखीखालचा. एवढं मोठं कुणी मागत नाही. दवाखाना, वाचनालय, बाजार, स्टेशन, शाळा यांच्या दारात पाच-पाच स्टँड लागले तरी रोजचं जगणं बदलेल.

आमच्या कार्यालयाच्या व्यवस्थापनाला मी लेखी अर्ज दिला होता. जागा नाही, असं उत्तर आलं. परवा संध्याकाळी मोजपट्टी घेऊन मी आवारातली मोटार उभी करायची एक चौकट मोजली: पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद. तिच्यात पाच स्टँड बसतात, म्हणजे दहा सायकली. कागदावर आराखडा काढून तो नव्या अर्जाला जोडला आहे, आणि सायकलने येणाऱ्या चौदा जणांच्या सह्या घेतल्या आहेत. सोमवारी देणार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक