स्वभावाला औषध नाही, असं म्हणण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, तो अंग चोरतो गं. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्या चाचणीतही इंट्रोव्हर्ट निघालाय. स्वभावाला औषध नाही!" फोन ठेवला, पण ते शेवटचं वाक्य काही केल्या मनातून जाईना. टीम लीड होऊन तुला तीन महिने झालेत आणि एका माणसाची फाईल तू बंदसुद्धा करून टाकलीस. म्हणून हे पत्र.

आधी त्या चाचणीचं. माणसाला चार अक्षरांत बसवणाऱ्या या चाचण्या काही आठवड्यांनी पुन्हा दिल्या, की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. बोलका आणि अबोल यांच्या मधोमध एक रेघ मारलेली असते, आणि बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असतात. स्वभाव म्हणून काही नसतंच, असं मी म्हणत नाही. हातात घेतलेलं काम चोख करून तडीस नेण्याची वृत्ती खरी असते. १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सगळ्या तऱ्हेच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी याच वृत्तीचा संबंध दिसला. बोलकेपणाचा उपयोग दिसला तो मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनात. तुमचं काम तर आकडे तपासायचं आहे. तिथे अबोल असणं हा दोष कसा?

आता अंग चोरण्याचं. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. एकट्याने ओढताना १०० धरला, तर आठ जण मिळून ओढताना माणशी जेमतेम ४९ भरला. सगळ्यांचा मेळ बसत नाही, म्हणूनही थोडा जोर वाया जातो. पण १९७४ मध्ये लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्यांच्याबरोबर बाकीचेही ओढताहेत असं भासवलं, आणि प्रत्यक्षात त्यांना एकट्यालाच ओढू दिलं. तरी जोर घटलाच! ही सगळी काय कामचुकार माणसं होती? तुमचा आठवड्याचा अहवाल सहा जणांच्या नावाने एकत्र जातो, असं तूच सांगितलंस. त्यातलं त्याचं काम कोणतं, हे वाचणाऱ्याला कळतं का?

हे सगळं मी ठामपणे लिहितेय, कारण मी स्वतः एकदा चुकले आहे. माझ्या हाताखाली असाच एक अबोल सहकारी होता. वर्षअखेरीला हिशोबात मोठी तफावत निघाली आणि आम्ही तीन रात्री जागून ती शोधली. नंतर सहज त्याची वही माझ्या हातात आली. दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर तोच आकडा पेन्सिलीने लिहिलेला होता आणि पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्याआधी एकदा सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, दिलंय तेवढं बघ." मला ते बोललेलं आठवतही नव्हतं. त्याने मात्र ते दोन महिने जपून ठेवलं होतं, आणि मी त्याला घुम्या ठरवून मोकळी झाले होते.

पुढे एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं संशोधन वाचलं तेव्हा ती वही डोळ्यांसमोर आली. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता, पण तिथेच जास्त नोंदलेल्या निघाल्या. तिथली माणसं चूक लपवत नव्हती, मोकळेपणाने सांगत होती. बाकीच्या ठिकाणी कागद स्वच्छ होता, एवढंच. तुझ्या मीटिंगमध्ये कोणी काही बोलत नाही, याचा अर्थ सगळं ठीक चाललंय असा घेऊ नकोस.

पगारवाढीने तो सुधारेल का, असंही तू विचारलंस. पगार रास्तच हवा, नाहीतर माणूस कुढतो. पण हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंते आणि हिशोबनीसांना विचारलं, तेव्हा कामात मन रमल्याच्या आठवणी बहुतेक काहीतरी जमल्याच्या, त्याची दखल घेतली गेल्याच्या निघाल्या. त्याचं शेवटचं कौतुक तू कधी केलंस?

सोमवारी त्याच्याशी बोलणार आहेस ना? चारचौघांत नको. "तू बोलत का नाहीस?" असंही विचारू नकोस, त्याला कोणाकडेच उत्तर नसतं. गेल्या महिन्यात कुठे काही खटकलं आणि सांगायचं राहून गेलं का, एवढंच विचार. मग थांब. तो लगेच बोलणार नाही, तेव्हा मध्येच तू बोलायला लागू नकोस. ती तुझी लहानपणापासूनची सवय आहे.

काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
आई