गुड्डूच्या आजाराबद्दल

प्रिय विजू,

तुझा फोन उचलला नाही, रागावू नको. तेव्हा एमआरआयच्या खोलीबाहेर बसलो होतो अन् तोंडातून शब्दच निघत नव्हता. तू विचारलं का दादाच्या गुड्डूच्या मेंदूतला ट्यूमर चार महिने डॉक्टरले समजला कसा नाही, तर सगळं सांगतो.

तान्ह्या पोळ्याले गुड्डू लाकडी नंदी ओढत होता, मधेच हात ढिला पडला, दोरी सुटली. पोट्टं थकलं असंल म्हटलं. मग शाळेच्या वहीत अक्षर बिघडायला लागलं, ओळ सोडून खाली उतरे, वहिनी त्याच्यावर ओरडली, अन् आता तीच वही उशाशी घेऊन रडते रे. दिवाळीच्या आधी तापात झटका आला. आपल्या भागात पावसाळ्यात असं झालं का पहिले मेंदूज्वरच आठवतो, तो आणणारा चांदिपुरा विषाणू १९६५ मधे सापडला तो नागपूरजवळच्याच गावातला, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरनं मेंदूज्वराचाच उपचार केला. सूज उतरवायचं औषध दिलं अन् लेकरू चक्क खेळायला लागलं! आम्ही देवाले नारळ फोडला.

तिथंच आम्ही सगळे फसलो. या ट्यूमरचा गोळा नसतो विजू. वावरात हराळी शिरते तशा पेशी चांगल्या मेंदूत मिसळून पसरतात. पहिल्या एमआरआयमधे नुसतं पांढुरकं दिसलं, ते मेंदूज्वरातही दिसते. ज्या औषधानं बरं वाटलं त्यानं सूज उतरली, आजार तसाच होता. नागपूरच्या दुसऱ्या एमआरआयमधे ते दोन्ही बाजूले पसरलेलं दिसलं. याले पहिले ग्लायोमॅटोसिस सेरेब्राय म्हणत, २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना तो वेगळा आजार धरत नाही, ट्यूमरच्या पसरण्याची एक तऱ्हा मानते.

परवा कवटीले बारीक छिद्र पाडून सुईनं तुकडा काढला. त्याची जीनची तपासणी होईल, तेव्हा नेमका प्रकार कळंल. ऑपरेशन करून हे सगळं काढता येत नाही, बहुतेक रेडिएशनच द्यावं लागंल. डॉक्टरनं मले काही लपवलं नाही, दादाले मी अजून अर्धंच सांगितलं आहे.

गावात कोणी म्हटलं का मायबापानं हयगय केली, तर तिथंच थांबव त्याले. तालुक्याच्या डॉक्टरवरही माझा राग नाही.

रविवारी येशील तेव्हा दादाच्या घरून नंदी घेऊन ये, कोठीत फळीवर आहे. त्याचं मागचं एक चाक निघालं आहे, सुताराकडून बसवून आण. काल डाव्या हातानं मले दाखवत होता, केवढा मोठा आहे ते.

तुझा,
सुध्या