गच्चीवर न चढलेल्या माणसाला आगाऊ रक्कम देऊ नका

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, काल तुम्ही त्या सोलर बसवणाऱ्याबद्दल "पोरगा बरा वाटला, पन्नास हजार देऊन टाकतो" म्हणालात आणि मला झोप लागेना. फोनवर समजवायला गेले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

पोरगा बरा असेलही, पण तो गच्चीवर चढलाच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो मागवला आणि पाच किलोवॉटचं कोटेशन धाडलं. कूलरचे दोन-तीन महिने सोडले तर आपल्याला महिन्याला दोनशे-सव्वादोनशे युनिट लागतात. एक किलोवॉट दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे दोनमध्ये आपलं भागतं. पीएम सूर्यघर योजनेचं सरकारी अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. ७८ हजारांच्या वर काही नाही, मग पाच बसवा नाहीतर दहा. आता पाच कुणाच्या सोयीचे ते तुम्हीच सांगा. "बिल शून्य" हेही थापच, स्थिर आकार भरावा लागतोच. आणि लाइट गेली की बॅटरीशिवायचं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. त्यामुळे जिन्याखालचा जुना इन्व्हर्टर भंगारात काढू नका.

आमच्याकडे काय झालं ते मी सांगितलं नव्हतं, आई उगाच जिवाला लावून घेते म्हणून. बसवणाऱ्याने स्लॅबला थेट ड्रिल मारून स्ट्रक्चर रोवलं आणि भोकं नीट बुजवलीच नाहीत. पहिल्याच पावसात ओट्याच्या वर ओल, पिठाच्या डब्यात थेंब. फोन केला तर "माणूस पाठवतो". तो माणूस अजून यायचाय. वॉटरप्रूफिंग शेवटी आम्हीच करून घेतलं. तुमच्याकडे सिमेंटचे ठोकळे ओतूनच पाय पक्के करायला सांगा. वळवाचं वारं काय असतं ते सोलापुरात मी सांगायला नको.

बुधवारी जुळे सोलापूरचा जो आला होता, ज्याला आई "लई प्रश्न विचारतो" म्हणाली, तो मला पटलाय. टेप घेऊन वर गेला, चार वाजता टाकीची सावली कुठवर येते ते विचारलं, मीटरची पेटी उघडून अर्थिंग बघितलं. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच्या ओळीतली बाकीचीही ढेपाळतात, म्हणून तो प्रश्न. त्याने कोटेशन दोन किलोवॉटचंच दिलंय, फक्त दर बाकीच्यांपेक्षा थोडा चढा आहे. असू देत.

तरी डोळे झाकून नको. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर सोलापूर जिल्ह्याच्या यादीत त्याचं नाव आहे का ते मी बघते. तुम्ही त्याच्याकडून वर्षभरापूर्वी बसवलेल्या दोन घरांचे पत्ते घ्या आणि स्कूटरवरून जाऊन या. मालकाला नको, घरातल्या बाईला विचारा: बंद पडल्यावर किती दिवसांनी आला? पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच असते, ती करारात लिहून घ्यायची. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, हवेत, नाहीतर अनुदान अडकतं. थोडी रक्कम आधी, मोठी रक्कम माल आल्यावर, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, बसल्यावरच.

एक अडचण राहिली. मीटर अजून आप्पांच्या नावावर आहे. अनुदान ज्याच्या नावावर जोडणी त्याच्याच खात्यात येतं, आणि आप्पा जाऊन चौदा वर्षं झाली. आई, तू दरवेळी म्हणतेस, "राहू दे, तेवढंच त्यांचं नाव दारात येतं." माहीत आहे मला. पण आता बाबांच्या नावावर करावंच लागेल. सोमवारची रजा टाकलीय; बाबा, महावितरणच्या कार्यालयात दोघं जाऊ. मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती काढून ठेवा.

पॅनेल धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग धरतात. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढा, पण आई, वर तू चढायचं नाहीस. आणि जिन्याकडची बाजू तुझ्या कुरडया-पापडांसाठी मोकळी सोडायला मी त्याला सांगून ठेवलंय. "मॅडम, तिथेच ऊन जास्त आहे," म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच.

शनिवारी सकाळी पोचते. तोवर कुणालाही पैसे देऊ नका.

तुमची,
मनू