आडनावाचं मूळ शोधायला घेतलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

माळ्यावरची जुन्या कागदांची पत्र्याची ट्रंक उतरवायला रविवारी शेजारचा मुलगा येईल. त्याला सांगून झालंय, तेव्हा आता "कशाला उगाच" नको. बाबा, शिडीला तुम्ही हात लावायचा नाही. ट्रंक गॅलरीत उघडा, तोंडाला रुमाल बांधून. आईचं शिवणयंत्र, तुमची खुर्ची, काहीही जागचं हलणार नाही.

आपल्या कुलकर्णी आडनावाचं मूळ शोधायचं मी ठरवलंय. तुम्हाला विचारलं नाही, हे मनाला लागतंय. पण कागद उद्याही वाचता येतील, तुमच्याकडून ऐकायचं ते आत्ताच ऐकायला हवं. आत्ता म्हणजे मला सध्या सवड आहे म्हणून, भलतं काही मनात आणू नका. सासरचं आडनाव लावणारीला माहेरच्या आडनावाचं काय, असं आत्या म्हणेल. म्हणू दे. पाटीवर ते माझ्याकडून तुम्हीच गिरवून घेतलंत ना, बाबा?

काकांना मात्र तुम्हीच समजवा. जुने फेरफार आणि वारसनोंदी काढाव्या लागतील, पण त्या फक्त नावांसाठी. जमिनीचा विषय मी उकरणार नाही.

कुलकर्णी हा हुद्दा, गावचं दप्तर आणि हिशेब सांभाळणाऱ्याचा. १९५० च्या कायद्यानं वतनं, म्हणजे त्या कामाचे पिढीजात हक्क, गेली, आडनाव तेवढं राहिलं. त्याच्या आधी एखादं उपनाव असणार, कदाचित गावावरून पडलेलं. ते थेट पुण्याच्या पेशवे दफ्तरात, पेशव्यांच्या काळच्या सरकारी कागदांत, शोधून सापडत नाही. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, घराण्यांच्या नावानं लावलेले नाहीत. गाव आणि परगणा हातात नसेल तर नुसती शोधाशोध होते. म्हणून अलीकडून पलीकडे जायचं: बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मग आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, मग तहसीलमधला जुना गाव नमुना १४, म्हणजे तेव्हाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, मग फेरफार. मोडी लिपीतले जुने कागद त्यानंतर.

घोटाळा होतो तो नावांत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एकाआड एक पिढीला तोच विष्णू आणि तोच गणेश. नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. 'बिन'च्या पुढचं बापाचं नाव जुळलं पाहिजे, आणि दोन पिढ्यांत साधारण पंचवीस-तीस वर्षांचं अंतर बसलं पाहिजे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, त्यामुळे उपनाव पुढच्या शब्दाला चिकटतं आणि नवशिका भलतंच वाचतो. सालाचंही तसंच. "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार: ११७५. ते शुहूर सन, मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना, म्हणून ५९९ मिळवायचे, १७७४ येतं. वर्ष मृगाला बदलत असल्यानं पुढचे काही महिने १७७५ मध्ये जातात. फसली, म्हणजे महसुलाचा दुसरा सन, धरून ५९० मिळवले तर नऊ वर्षं चुकतात, आणि तेवढ्यात बापाच्या जागी मुलगा येऊन बसतो. म्हणून जाणकार मोडी वाचकाकडूनच लिप्यंतर करून घेणार आहे. पैशाची काळजी करू नका.

त्र्यंबकेश्वरी मी एकटी जाईन, तुम्ही प्रवास करायचा नाही. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरूंच्या नोंदी असतात, पुष्कळदा त्यांच्याच हातच्या सहीनिशी. पण आधी कोणत्या उपाध्यायांकडे जायचं ते ठरायला हवं, आणि ते मूळ गाव, जात नि आडनावावरून ठरतं. त्यातलं मूळ गाव तुम्ही सांगता ते आणि दुसरं एक, अशी दोन्ही मी विचारणार आहे. आणि बाबा, पेशव्यांची सनद निघाली तर आनंदच आहे. नाही निघाली तरी कमीपणा नाही. गावकीची कितीतरी वतनं पेशव्यांच्या आधीची आहेत.

आता नीट ऐका. कागदाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. काजळाची शाई उजेडात टिकते, पाण्यानं पसरते. घडी कडक असेल तर उलगडू नका, तशीच राहू द्या. जे सहज उघडतील त्यांचे खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. पाठीमागचेही काढा, शेरे तिथेच असतात. अस्सल कागद कुणी कितीही मागितले तरी हातात द्यायचे नाहीत, मलासुद्धा पोस्टानं पाठवायचे नाहीत. दिवसाला अर्धा तास पुरे. आणि सकाळची गोळी घेतल्याशिवाय बसायचं नाही.

आई, तुझ्या बाजूचंही काढणार आहे. बायकांचं लग्नात नाव बदलतं, मग कागदात त्या "कोम अमुक" म्हणून नवऱ्याच्या नावामागे दडतात. म्हणून तुझं, आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नाचं साल एका कागदावर लिहून ठेव. साल आठवत नसेल तर तेव्हा कोण जन्मलं होतं, कोण गेलं होतं तेवढं लिही, बाकीचं मी बसवते. बाबा मध्ये बोलतील, त्यांना बोलू दे. तुझं तू लिही.

तुमची,
लेक