किनाऱ्यावर वाढदिवस करा, पण भरतीची वेळ कोणीतरी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आम्हा मुंबईकरांची पावलं अलिबाग, नागाव, काशीद, मुरुडकडे वळतात, आणि आता त्यात टेंटमधल्या वाढदिवसाची भर पडलीये. हॉल नको, हॉटेल नको, आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळ्यांना घेऊन किनाऱ्यावर जायचं, तंबूत राहायचं आणि रात्री बाराच्या ठोक्याला वाळूत केक कापायचा. मला स्वतःला ही कल्पना खूप आवडते, फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोरांना एक रात्र तरी समुद्राचा आवाज ऐकत झोपायला मिळतं. पण हे कॅम्पवाले जेवणाचा मेन्यू, फुग्यांची कमान, म्युझिक किती वाजेपर्यंत हे सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि ज्या दोन गोष्टींशी जिवाची गाठ आहे त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, दुपारी सावली कुठे मिळणार आणि त्या दिवशी भरती-ओहोटी कधी आहे. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, पाहुण्याला कोणी सांगत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

एप्रिलमध्ये भाच्याचा दहावा वाढदिवस करायला आम्ही अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीत गाड्या घातल्या, मांडव्याला उतरलो, तिथपर्यंत सगळं मजेत. कॅम्पचं चेक-इन दुपारी बाराचं. तंबू उघड्या वाळूत एका रांगेत ठोकलेले, कारण म्हणे फोटोत समुद्र मागे छान दिसतो, आणि थोडं मागे सुरूचं मस्त दाट बन होतं तिथे गाड्यांचं पार्किंग! माणसं उन्हात आणि गाड्या सावलीत, हे बघून माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे सांगितलं की तंबू बनात हलवा, तर उत्तर आलं, सर संध्याकाळी बघू, आता पोरं जेवायला गेलीत.

दुपारी दोनला सासूबाई तंबूत आडव्या झाल्या. नायलॉनचा तंबू, खाली तापलेली वाळू, आत हवा हलायला जागा नाही. अर्ध्या तासात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरायला लागलं, मळमळ सुरू झाली. फोनवर तापमान बघितलं तर फक्त ३४. कॅम्पचा माणूस म्हणाला, ३४ म्हणजे काहीच नाही, नागपूरला ४४ असतं. हाच तो घातक गैरसमज आहे आणि तो शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तर शरीर थंड होतं, आणि किनाऱ्यावर हवेतच एवढा दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो, अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि शरीर तापतंच. म्हणून तर हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष सपाट प्रदेशाला ४० आणि किनारपट्टीला ३७ असा वेगळा आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसून १४ माणसं गेली, तेव्हा पारा काही नागपूरसारखा ४४ वर नव्हता, हे आपण इतक्या लवकर कसं विसरलो?

आमच्या मदतीला बाजूच्या वाडीतल्या एक मावशी धावल्या, शहाळी विकायला आल्या होत्या. सासूबाईंना त्यांनी स्वतःच्या पडवीत नेलं, शेणाने सारवलेली गार जमीन, वर माडाची सावली. मानेला आणि काखेत ओलं फडकं, वरून पंखा, आणि आमच्याकडचं ओआरएस घोट घोट. तासाभराने त्या उठून बसल्या. मावशी मला म्हणाल्या, घाम येतोय, बोलतायत, म्हणजे ठीक आहे, पण माणूस बरळायला लागला, अंग चटके बसावेत असं तापलं, तर थांबायचं नाही, सरळ १०८ला फोन करायचा. हे एवढं साधं वाक्य कॅम्पच्या एकाही बोर्डावर नव्हतं. तिथे वायफायचा पासवर्ड मात्र होता.

आता समुद्राचं. त्याच मावशींच्या घरी त्यांचे दीर होते, आयुष्यभर होडीवर काम केलेले. पोरं पाचला पाण्यात जाणार कळल्यावर त्यांनी बोटांवर तिथी मोजली आणि म्हणाले, "आज पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती पूर्ण. त्यानंतर पाणी मागे ओढायला लागेल, पाचनंतर पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका." हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावस्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं पण अंदाज पक्का येतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. घरोघरी भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतं, निघायच्या आधी तिथी बघायला एक मिनिट लागत नाही, फक्त बघायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

आणि हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण पंचमीच्या रात्री दहाला ओहोटी संपून पाणी परत चढायला लागतं, आणि कॅम्पवाल्यांनी बाराच्या केकचं टेबल अगदी ओल्या वाळूत, पाण्याच्या कडेला मांडलं होतं. पाण्याच्या दिशेला एक दिवा नाही, जीवरक्षक नाही, आणि दहा-बारा पोरं अंधारात फुगे घेऊन पळतायत. आम्ही टेबल उचलून सुरूच्या बनाशी आणलं. केकचं क्रीम तोवर वितळून पुठ्ठ्यावरून खाली ओघळत होतं, पण मावशींनी सकाळच्या नाश्त्याला म्हणून करून दिलेले घावणे आणि नारळाचा रस भाच्याने बारा वाजताच संपवला. नंतर तंबू बनात हलवून घेतले, तरी मध्यरात्री समुद्रावरून येणारे खारे वारे पडतात आणि जमिनीवरचे मतलई वारे सुरू व्हायला वेळ लागतो, त्या मधल्या वेळात पान हलत नाही, त्यामुळे लहान पोरं असतील तर जाळीच्या खिडक्यांचा तंबू आणि बॅटरीवरचा पंखा लागतोच.

२०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले होते. त्यानंतर प्रत्येक दुर्घटनेला आपण पर्यटकांचा अतिउत्साह म्हणून मोकळे होतो. उत्साह असणारच हो, माणसं सुट्टीवर आलेली असतात. पैसे घेऊन किनाऱ्यावर झोपवणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?

जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे की कॅम्पला परवानगी देताना तंबू सावलीत आणि उधाणाच्या रेषेच्या वर असणं, मार्च ते मे चेक-इन दुपारी चारच्या नंतर, आणि दारात रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला फळा, एवढं सक्तीचं करा. याला खर्च काहीच नाही. रोज सकाळी फळा लिहायला गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला चार पैसे द्या.

आणि एक विनंती तुम्हालाही. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी तुम्ही दरवर्षी छापता, आम्ही ती कापून फ्रिजला लावतो. तसंच उन्हाळी आणि नाताळच्या सुट्टीत शनिवार-रविवारच्या अंकात अलिबाग, मुरुड, दिवेआगर, गुहागर इथल्या भरती-ओहोटीच्या वेळा, आणि तापमानाच्या शेजारी हवेतल्या दमटपणाचा आकडा छापाल का? चौकटीला जागा फार लागणार नाही, राशिभविष्याच्या खाली दिलीत तरी चालेल, तिथे सगळ्यांची नजर जातेच.

आपली,
एक वाचक, मुलुंड