माळीकाका, रविवारी जेवायला यायचंय

माळीकाका, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं ताई" म्हणत पाईप उचलून निघून जाता, म्हणून इथे लिहितेय, तुमचा मुलगा वाचून दाखवेल.

त्या रविवारी संडे स्कूलमध्ये जक्कयची गोष्ट झाली होती, लूकच्या १९ व्या अध्यायातली. यरीहोचा मुख्य जकातदार, अंगानं बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून पुढे पळत गेला आणि उंबरावर चढून बसला. एवढा श्रीमंत माणूस, चारचौघांत, पोरासारखा! मग काय, माझी आठ वर्षांची लेक घरी आल्या आल्या मागच्या उंबराकडे, वरून उपवन तलाव दिसतो का बघायचं होतं तिला. तिकडचा उंबर वेगळ्या जातीचा, पण कुळ एकच. आणि तुमच्यासाठी तर तो औदुंबर, दत्ताचं झाड, सकाळी पाणी घालताना तुम्ही हात जोडता ते मी रोज बघते. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी तिला गपचूप घरी आणलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "चपला काढ बाय, मग चढ."

दुसऱ्या फांदीपर्यंत भराभर गेली आणि खाली बघून रडायलाच लागली. मी नुसती ओरडत होते, शिडी आणा, कोणीतरी वर जा. तुम्ही मला हातानंच गप्प केलंत, बुंध्याशी उभे राहिलात आणि तिला नावानं हाक मारलीत. खाली नको बघू, खोडाकडे बघ. डावा पाय सोड, अजून खाली, गाठ लागली? आता हात. एका वेळी एकच सोडायचा, बाकी तीन घट्ट. दहा मिनिटं तरी गेली असतील, पण तुम्ही तिला एकदाही उचललं नाहीत. ती स्वतः उतरली काका, गुडघ्याला चीक, केसांत मुंग्या, आणि तो चेहरा, तसा मी आधी कधी बघितलाच नव्हता.

रात्री प्रार्थनेनंतर म्हणते, मम्मी, येशूनं पण जक्कयला नावानंच हाक मारली ना, खाली ये म्हणून? मी ही गोष्ट किती वर्षं मुलांना शिकवतेय, आणि दर वेळी सगळा जोर त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली त्याच्यावर. ती हाक मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

आता तिचं एकच चाललंय, येशू मग जक्कयच्या घरी गेला, माळीकाका आपल्याकडे कधी येणार? या रविवारी या, काकूंना घेऊन. उपासनेहून आम्ही साडेबारापर्यंत घरी येतो. चिंबोरीचं कालवण करणारे, चालत नसेल तर वालाचं बिरडं करते, फक्त आदल्या दिवशी सांगा, वाल भिजत घालावे लागतात.