क्लाउनफिशची जोडी फोडायची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयावरची प्रश्नोत्तरं छापून आली. एका वाचकाची तक्रार होती की जोडीने आणलेल्या क्लाउनफिशपैकी (हे खाऱ्या पाण्यातले छोटे रंगीत मासे) मोठा मासा लहान्याला सारखा चावतो. त्याला दोन सल्ले मिळाले : चावणारा मासा ताबडतोब परत करा, नाहीतर तिसरा आणून सोडा म्हणजे भांडण वाटलं जाईल. पहिला सल्ला घाईचा आहे आणि दुसरा सरळसरळ घातक, म्हणून हे पत्र.

मी आर्वी तालुक्यात शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करतो. दुकानामागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मोटर तयार होईस्तोवर शेतकरी तिच्यासमोर बसून असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : ‘‘काहून मारून रायली हे त्याले?’’

‘हे’ म्हणजे मादी, हे त्यांना न सांगता कळतं याची मला गंमत वाटते. कारण दुकानदारांना ते कळत नाही. बोटाच्या पेराएवढी दोन सारखी पिल्लं पिशवीत घालून ‘नर-मादी जोडी’ म्हणून विकतात. क्लाउनफिशमध्ये मादी म्हणून कोणी जन्माला येतच नाही. घोळक्यात जो सगळ्यांत दांडगा निघतो तो मादी होतो, त्याच्या खालचा नर, आणि उरलेली पिल्लं तशीच थांबून राहतात. मादी मेली की त्याच नराची मादी होते. एकदा झालेली मादी मात्र पुन्हा नर होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी 1977 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं, की मादीची दादागिरीच नराला नर ठेवते. ती दादागिरी दिसली म्हणून मासा परत करायचा, तर जोडी जमणार तरी कधी?

तेव्हा मारणारीकडे कमी आणि मार खाणाऱ्याकडे जास्त बघावं. मोठी अंगावर आली की लहाना तिच्यासमोर अंग आडवं करतो आणि फिट आल्यासारखा थरथरतो. नवे लोक हे पाहून घाबरतात, औषधाच्या बाटल्या आणतात. तो आजारी नसतो; ‘तू मोठी, मला मान्य आहे’ एवढंच सांगत असतो. थरथरला, तिने एखादी ढुशी दिली आणि दोघं पुन्हा एकाच कोपऱ्यात झोपले, तर तुमची जोडी जमली म्हणून समजा.

खरी काळजी दोघंही थरथरत नसतील तेव्हा. तोंडात तोंड अडकवून एकमेकांना ओढतात, कोणीच हटत नाही. सारख्या आकाराचे दोन वाढलेले मासे वेगवेगळ्या टाक्यांतून आणले की हे हमखास होतं. दोन्ही माद्याही असू शकतात, आणि दोन माद्यांचं जमत नाही. म्हणून घेतानाच एक डोळ्यांना स्पष्ट मोठा आणि दुसरा स्पष्ट लहान घ्यावा, जात एकच, आणि सोडायचे एकाच वेळी. जातही बघून घ्या. नेहमीचा नारंगी-पांढरा ऑसेलॅरिस त्यातल्या त्यात गरीब; गडद तांबड्या, भांडखोर ‘मरून क्लाउन’ जातीच्या वाटेला नवख्याने जाऊच नये.

लहान्याचे पर फाटलेत, तो दिवसभर वरच्या कोपऱ्यात हीटरमागे चिकटून आहे, खायला येत नाही, असं दिसलं की त्याच दिवशी वेगळं करावं. पण वेगळं करायचं कोणाला? सगळे मार खाणाऱ्याला उचलतात. उचलायचं ते मोठीला. तिला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टाकीत ठेवा. लहान्याला आठवडाभर मोकळी टाकी मिळू द्या, खाऊ द्या, लपायच्या जागा शोधू द्या. तिला सोडायच्या आधी दगडांची मांडणी पार बदलून टाका, म्हणजे ‘हे माझं’ म्हणायला तिच्याकडे ओळखीची जागा उरत नाही. खाणं टाकीच्या दोन टोकांना टाका. एवढ्यावरही लहाना आडवा होत नसेल, तर मग परत करायचा विचार करा, त्याआधी नाही.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. क्लाउनफिशला 25 ते 27 अंशांचं पाणी मानवतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 45 च्या वर जातं आणि त्यात लाइन गेली तर फिल्टरही बंद. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी लहाना वर येऊन धापा टाकत असेल तर मादीवर आळ घेण्याआधी थर्मामीटर बघा. पाण्यावर पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी चांगलं थंड होतं. पण त्याच खोलीत कुलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. मी कुलर पुढच्या खोलीत नेला. त्यावरून घरात बोलणी खातो, तो भाग वेगळा. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. बोअरचं जड पाणी तर नकोच.

आता तिसऱ्या माशाबद्दल. पापुआ न्यू गिनीत संशोधक पीटर बस्टन यांनी समुद्रातल्या क्लाउनफिशची मापं घेऊन 2003 साली दाखवलं, की खालचा मासा स्वतःची वाढच रोखून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर हाकलला जाईल, म्हणून. समुद्रात हाकललेल्याला जायला निदान पाणी तरी असतं. काचेच्या टाकीत हाकललेला जाणार कुठे? जमलेल्या जोडीत तिसरा सोडला तर भांडण वाटलं जात नाही. दोघं मिळून त्याला मारतात, आणि बहुतेक वेळा सकाळी तो तळाशी मेलेला सापडतो.

याचा खुलासा शक्यतो शुक्रवारच्या अंकात छापावा, ही विनंती. आमच्या शेजारचे एक गुरुजी आपल्या पुरवणीचं कात्रण खिशात घालून शनिवारी नागपूरला तिसरा मासा आणायला निघाले आहेत. माझं ते ऐकत नाहीत. छापून आलेलं ऐकतात.

आपला,
एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा